काटा दाखवा

कुणीही, कुठलंही कारण सांगितलं की अप्पा उजवा हात पुढे करायचे, तळवा वर, प्रसाद घेताना करतात तसा, आणि म्हणायचे, "काटा दाखवा."

दूधवाला म्हणाला, म्हैस आजारी होती म्हणून उशीर झाला. "काटा दाखव." मुलगा म्हणाला, बँकेत गर्दी होती. "काटा दाखव." नळ दुरुस्त करणारा एकदा कबूल केल्यापेक्षा बऱ्याच दिवसांनी उगवला आणि चुलता वारला होता म्हणाला, तेव्हाही अप्पांचा हात अर्ध्यावर गेलाच होता. आतून काकू "अहो!" म्हणून ओरडल्या, तशी त्यांनी त्याच हातानं टोपी नीट केली. नळवाला गेल्यावर मात्र मला म्हणाले, "हिवाळ्यातबी त्याचा चुलताच वारलता."

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तो दिवसच मुळी उशिराचा. एसटी मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडली होती. मी दारात घाम पुसत तसं सांगितलं. समोर पांढरी टोपी, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि पुढे आलेला हात. "काटा दाखवा," ते म्हणाले. काय दाखवायचं ते न कळून मी खिशातलं एसटीचं तिकीट त्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून वाचलं, उजेडात धरलं, आणि म्हणाले, "चालंल." खोली मला मिळाली. आधीच्या तीन माणसांना ती का मिळाली नाही, हे मी कधी विचारलं नाही.

बीडमध्ये माझं काम विहिरींच्या पाण्याची पातळी मोजायचं होतं. जिल्ह्यातल्या ठरवून दिलेल्या विहिरींवर जायचं, फीत खाली सोडायची, आकडा लिहून घ्यायचा. उन्हाळ्यात काम सोपं व्हायचं, कारण आकडाच नसायचा. अप्पांना या कामाबद्दल फार आदर होता असं नाही. "पाणी हाय का न्हाई ते तर वरूनबी दिसतं," ते म्हणायचे. पण विहिरी गावोगाव असल्यामुळे मला सारखं फिरावं लागतं, हे कळल्यावर त्यांनी मला आपला माणूस मानलं. कारण अप्पाही फिरायचे. त्याला ते टूर म्हणायचे.

कारंजा भागात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. ते त्यांनी मुलाच्या हवाली केलं होतं. आपण होऊन केलं, असं अप्पा म्हणायचे. मुलगा म्हणायचा, अप्पा गल्ल्यावर बसले की गिऱ्हाईक भांडं न घेता आणि वर अपमान घेऊन परत जातं. दोघांचंही खरं असावं. पातळ स्टील अप्पांना सहन होत नसे. हॉटेलात चहाबरोबर पाणी आलं की ते आधी पेला बोटानं वाजवायचे, मग उरलेलं पाणी ओतून बूड बघायचे, आणि वेटरला सांगायचे, "हा पेला न्हाई बे, कागद हाय." चहाबद्दल त्यांचं काही म्हणणं नसे.

टूरची मोटारसायकल काळी आणि जुनी होती. डोक्यावर टोपी, टोपीवर हेल्मेट. मागं कॅरिअरला एक पिशवी, त्यात टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या, हातपंप, पॉलिश पेपर, सोल्यूशनची ट्यूब, रबराच्या कापलेल्या पट्ट्या, पाण्याचा कॅन. आणि या सगळ्याच्या वर, दोरीनं करकचून बांधलेली, एक पितळेची परात. लग्नात रुखवतात मांडावी अशी जाड, कंगोऱ्याची परात. पंक्चर काढायला. इतर लोक जे काम पत्र्याच्या घमेल्यात करतात ते अप्पा पितळेच्या परातीत करायचे. मला वाटलं, भांड्याचा व्यापारी माणूस, असेल हौस.

पंक्चरच्या बाबतीत त्यांचे दोन कायदे होते. पहिला, "बसल्या चाकाला ढकलायचं न्हाई." जिथं हवा गेली तिथंच, त्याच जागी, गाडी डबल स्टँडवर घ्यायची. ढकललं की रिम ट्यूबला चावते आणि एका भोकाची दहा होतात, हे खरंच आहे. पण अप्पा हा कायदा पाऊलभरसुद्धा वाकवत नसत. एकदा मांजरसुंब्याच्या चौकात त्यांचं मागचं चाक पंक्चरच्या दुकानासमोरच बसलं. अगदी समोर. रस्त्याच्या पलीकडे दुकान, अलीकडे अप्पा. अप्पांनी पिशवी सोडली, परात मांडली आणि बैठक मारली.

दुकानातले चाचा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अप्पा, हितं दुकान हाय की ओ!"

"दिसायलंय मला," अप्पा म्हणाले.

"मंग?"

"दुकान तिकडं हाय. चाक हिकडं बसलंय."

चाचांना हे पटलं की नाही माहीत नाही, पण ते स्टूल घेऊन अलीकडे आले आणि बघत बसले. अप्पांचं पाणी संपलं तेव्हा त्यांनीच बादली आणून दिली. मधल्या वेळात एक सायकलवाला आला आणि दुकानात कुणी न दिसल्यामुळे त्यानं आपलं चाक अप्पांपुढे उभं केलं. अप्पांनी तेही काढलं. चाचा म्हणाले, हात चांगला आहे.

दुसरा कायदा, "आधी काटा, मंग भोक." लोक ट्यूबला पट्टी लावतात आणि काटा टायरमध्ये तसाच ठेवतात, मग पुढच्या गावाला पुन्हा बसतात. अप्पा आधी टायरच्या आतून हात फिरवायचे, डोळे मिटून. काटा लागला की पक्कडीनं ओढायचे, पुसायचे, आणि हिंगाच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. त्या डब्यात बाभळीचे काटे होते, बोरीचे होते, बैलाच्या नालेचे खिळे होते, सायकलच्या तारेचे तुकडे होते, आणि सगळ्यांना हिंगाचा वास होता. कुठला काटा कुठे लागला हे ते डबा हलवून, एकेक उचलून सांगायचे. "हा नेकनूरचा. हा कड्याचा, कारखान्याच्या रस्त्याचा, उसाच्या गाड्या जात्यात तिथला. ही तार पालीची." मी एकदा विचारलं, हे जपून ठेवायचं कारण काय?

"उद्या कुणी इचारलं तर?" ते म्हणाले.

"कोण विचारणार अप्पा?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "इचारणारं माणूस सांगून येत न्हाई."

माझ्या गाडीला ट्यूबलेस टायर होते. ते त्यांना अजिबात पटले नव्हते. काटा लागला तरी हवा जात नाही, माणूस तसाच घरी पोचतो, हे त्यांच्या दृष्टीनं लबाडीत मोडत होतं. त्यामुळे आमच्या वाटा एक असल्या तरी गाडी नेहमी त्यांची असे. केज तालुक्यात माझ्या काही विहिरी होत्या, त्यातली एक युसूफ वडगावच्या शिवारात. अप्पांची टूरही, कुठूनही निघाली तरी, शेवटी त्याच दिशेला वळायची. मी मागं बसायचो, मांडीवर फीत घेऊन. पाली गेली, घाट चढला, नेकनूर, केज. वाटेत ते कुठं पेला वाजवायचे, कुठं बाजारात भांड्यांच्या दुकानापुढे उभं राहून मान हलवायचे. केज सोडलं की मात्र बोलणं बंद. वडगावची पाण्याची टाकी दिसायला लागली की एक कडुलिंबाचं झाड येतं, एका बाजूला ज्वारीचं रान, त्याला हिरव्या बाभळींचं कुंपण. तिथं अप्पा थांबायचे. "पाणी प्या सायब," म्हणून मला कॅन द्यायचे आणि गाडीच्या मागं जायचे. मग चाक बसायचं.

पहिल्या वेळी मी हळहळलो. दुसऱ्या वेळी म्हणालो, ही जागाच वाईट आहे. अप्पा म्हणाले, "लई वाईट हाय."

तिसऱ्या वेळी मी पाणी पीत नव्हतो. कॅनचं झाकण अडकलं होतं, ते उघडत होतो. त्यामुळे मला आवाज ऐकू आला. हवा आपण होऊन गेली की असा आवाज येत नाही. कुणीतरी व्हॉल्व्हची पिन बोटानं दाबून धरली की येतो.

"चाक बसलं," अप्पा मागून म्हणाले.

पुढचं सगळं नेहमीप्रमाणे झालं. गाडी डबल स्टँडवर घेतली. पट्ट्या घालून टायरची एक बाजू रिमच्या बाहेर काढली. ट्यूब ओढली, तिच्यात थोडी हवा भरली, परातीत पाणी ओतलं आणि ट्यूब थोडीथोडी करून पाण्यातून फिरवली. त्या ट्यूबवर आधीच्या पट्ट्या बऱ्याच होत्या. नवल त्याचं नाही. नवल याचं, की त्या एका ओळीत होत्या, सारख्या अंतरावर, शर्टाच्या गुंड्या असतात तशा. काटे एवढे शिस्तीचे नसतात.

"दिसला का बुडबुडा?" अप्पांनी विचारलं.

"नाही."

"नीट बघा."

मी नीट बघितलं. पाणी स्वच्छ होतं, परात चकचकीत होती, तळाशी कोरलेलं नाव ट्यूब हलली की दिसायचं आणि झाकलं जायचं. 'काका-काकूंकडून सप्रेम भेट.' बुडबुडा नव्हता.

अप्पांनी ट्यूब फिरवत फिरवत ओळीतल्या शेवटच्या पट्टीपुढे आणली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं हाय."

तिथं काही नव्हतं. मी म्हणालो, "हो."

मग त्यांनी ती जागा पुसली, पॉलिश पेपरनं घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली, सुकू दिलं, पट्टी बसवली आणि लोखंडी पट्टीच्या बुडानं ठोकली. धडधाकट ट्यूबवर इतकं मन लावून काम केलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. टायर परत चढवला. मी पंप मारला. अप्पांनी हात धुतले, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "लई उशीर झाला. फिरू मागं."

ऊन अजून डोक्यावरसुद्धा आलं नव्हतं. टाकी समोर दिसत होती. माझी विहीर तिच्याही अलीकडे होती. मी चालत जाऊन मोजून आलो. त्या दिवशी आकडा होता.

घरी आल्यावर काकू कॅरिअरवरची परात सोडून घ्यायच्या. तिला टायरचं काळं लागलेलं असायचं. अंगणातल्या दगडावर बसून त्या ती चिंच आणि मीठ लावून घासायच्या, सोन्यासारखी होईपर्यंत, आणि पुढच्या टूरला पुन्हा कॅरिअरवर बांधून द्यायच्या. त्या दिवशी मी जवळ जाऊन उभा राहिलो. काय विचारायचं ते ठरवलं नव्हतं. काकूंनी वर न बघताच विचारलं, "लिंबाखाली बसलं का?"

"हो," मी म्हणालो.

"तुमी बघितलं का हवा सोडताना?"

"ऐकलं."

त्या थोडा वेळ घासत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. युसूफ वडगाव हे अप्पांचं मूळ गाव. तिथं त्यांचे थोरले भाऊ राहतात, अण्णा. शेती त्यांच्याकडे, दुकान अप्पांकडे, वाटणीचं भांडण नाही, काही नाही. अण्णांच्या मुलीचं लग्न निघालं. अप्पांनी दुकानातली सगळ्यात जड परात काढली, तिच्यावर नाव घातलं. काकू आधीच जाऊन लग्नघरात कामाला लागलेल्या. परात घेऊन अप्पा सकाळी मोटारसायकलवर निघाले आणि वाटेत चाक बसलं. त्या काळी त्यांना पंक्चर काढता येत नव्हतं. काटा ओढून त्यांनी रागानं रानात भिरकावून दिला आणि मागं परात बांधलेली गाडी ढकलत ते निघाले. ढकलून ढकलून ट्यूबच्या चिंध्या झाल्या. पोचले तेव्हा अक्षता पडून पंगती बसल्या होत्या. मानपानाला चुलता म्हणून कोण उभं राहिलं होतं, तर गावातला कुणीतरी.

"अण्णा तापलेले," काकू म्हणाल्या. "भर मांडवात सगळ्या सोयऱ्यांपुढं म्हणाले, 'धंदा सोडून येववलं न्हाई याला. पंक्चरचं निमित्त सांगायलाय. झालंय तर कुठंय काटा? दाखव की!' यांच्याकडं काय होतं दाखवायला? तसेच फिरले माघारी. परातबी दिली न्हाई. ती पोरगी... तिच्या पोराला आता मिसरूड फुटलंय बघा."

तेव्हापासून भावाभावांची बोलचाल बंद. बायकांची बंद नव्हती. काकू आणि वडगावच्या जाऊबाई रोज फोनवर बोलत. काय भाजी केली इथपासून कुणाचा रक्तदाब किती इथपर्यंत दोन्ही घरांना एकमेकांचं सगळं माहीत होतं, फक्त ते माहीत आहे असं या दोघा भावांपुढे म्हणायचं नव्हतं. अप्पा लिंबाखाली बसले की वडगावात कुणीतरी जाऊन सांगायचंच. सांगणाऱ्याला चहा मिळायचा.

"माफी मागायला लहान्यानं दारात यावं असं त्यांचं, आन् खोटं पाडलं त्यानं बोलवावं असं यांचं," काकू म्हणाल्या. "आता तर अण्णांना दिसना झालंय. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचंबी डॉक्टर काय सांगंना. मी यांना सांगितलं काल. हात पुढं केला यांनी सवयीनं. पण तोंडातून शब्दच निघाला न्हाई."

त्यांनी परात उपडी घातली, पाणी निथळू दिलं. "दोघंबी पिकली पानं, भाऊ. एक गळालं तर दुसऱ्यानं काटा दाखवायचा कुणाला?"

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटून करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पुढच्या टूरला मी मागं बसलो, एवढंच.

ती टूर लवकरच निघाली. माझी विहीर मोजून झाली होती, पुन्हा मोजायचं कारण नव्हतं; मी पुन्हा मोजायची म्हणून सांगितलं. अप्पांचा हात पुढे आला नाही. त्या दिवशी त्यांनी वाटेत एकही पेला वाजवला नाही. केजमध्ये चहा प्यायला थांबलो तिथं कागदासारखा पेला आला आणि ते त्यातून मुकाट प्यायले. मला तेव्हाच काळजी वाटायला लागली.

लिंबाचं झाड आलं. गाडी जराशी पुढे गेली. मला वाटलं, आज जाणार. मग ब्रेक लागला. अप्पा पाय टेकून बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. "पाणी प्या सायब," म्हणाले.

मी प्यायलो. यावेळी आवाज येईल म्हणून मोठे घोट घेत प्यायलो.

टायर उचकटून झाला होता, ट्यूब परातीत होती, तेव्हा टाकीच्या बाजूनं एक म्हातारा माणूस येताना दिसला. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर तसेच पट्टे, हातात काठी. काठी तो पुढे टेकवत नव्हता, तिनं पुढचं चाचपत होता. कुंपणापाशी आल्यावर तो थांबला आणि एका हातानं बाभळीच्या फांदीला धरून उभा राहिला. दम लागला असेल, म्हणून मी उठायला लागलो. अप्पांनी ट्यूब न सोडता दुसऱ्या हातानं मला खाली बसवलं.

म्हातारा जवळ आला. "कोण हाय?"

"मी," अप्पा म्हणाले.

"मी म्हंजी कोण?"

"मीच."

ज्वारीत पाखरं ओरडत होती. अण्णा आमच्यापुढे उभे होते आणि त्यांचं तोंड जरा चुकीच्या बाजूला होतं, लिंबाच्या खोडाकडे.

"कावून बसलास हितं?"

अप्पांनी ट्यूब पाण्यात दाबून धरली होती. बुडवायची काही गरज नसताना. "पंक्चर," ते म्हणाले.

हा शब्द याआधी एकदाच या दोघांमध्ये झाला होता. मी परातीकडे बघत राहिलो. आता हा माणूस पुन्हा निमित्त म्हणाला, तर अप्पा परत कधी या रस्त्याला येणार नाहीत हे मला कळत होतं. आणि आज ते खरंच निमित्त होतं. पाण्यात एक बुडबुडा नव्हता.

"काटा सापडला का?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई अजून."

"सरक."

अप्पा सरकले. अण्णा काठी ठेवून, गुडघ्यावर हात देत खाली बसले. चाचपत त्यांनी टायर शोधला आणि आत हात घातला. सावकाश, तळापासून वरपर्यंत, धान्य निवडतात तसा त्यांचा हात फिरत होता. मी त्याआधी स्वतः तो टायर आतून चाचपला होता. त्यात काही नव्हतं.

"हा बघ," अण्णा म्हणाले. "हितं बसलाय लपून."

त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर बाभळीचा काटा होता, बोटाएवढा, पांढरा. बुडाशी हिरवी साल होती आणि ती ओली होती.

अप्पांनी तो उचलला. या जिल्ह्यातला कुठलाही काटा हातात दिला तर तो कुठल्या रस्त्याचा हे सांगणारा माणूस. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, ओल्या बुडाला अंगठा लावला. त्यांनी कुंपणाकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

"बाभळीचा हाय," शेवटी ते म्हणाले.

"मंग. लई झालेत या रस्त्याला." अण्णा टायरवर हात ठेवूनच बसले होते. "त्यानं उशीर होतोच माणसाला. पोरीच्या लग्नातबी झालतं तुझं."

"झालतं."

"हां," अण्णा म्हणाले. "झालतंच."

मी उगीच पंप उचलला आणि जोडायला काही नसताना दोनदा दाबून बघितला.

अप्पांनी पट्टी लावली. ओळीतल्या शेवटच्या पट्टीपुढे, ठरलेल्या अंतरावर. मग अण्णांनी हात पुढे केला, अप्पांनी ट्यूब त्यांच्या हातात दिली आणि अण्णांनी ती पट्टी अंगठ्यानं दाबून धरली, बराच वेळ, जरुरीपेक्षा जास्त.

"घरी चल," ते म्हणाले. "तुझ्या वैनीनं भाकरी टाकल्यात. तू हितं बसला म्हणून कळलं की दरवेळी टाकती आन् दरवेळी गाईला घालती. गाय माजली नुसती."

अप्पांनी ट्यूब घेऊन आत सारली, टायर चढवला आणि मी पंप मारला.

"मी आलोय हितवर. पुढच्या खेपंला यायचं म्हटलं तर मला कुणाचा हात धरावा लागंल."

अप्पांनी परातीतलं पाणी ओतलं. ती धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले, पण टायरचं काळं सोग्यानं निघत नाही. ते पुसतच राहिले. मग उठले, वाकले, अण्णांच्या पाया पडले आणि त्यांचा हात धरला.

बसल्या चाकाला ढकलायचं नाही हा कायदा होता. चाकात आता हवा भरली होती, तरी गाडी मी ढकलत नेली. पुढे दोघं हात धरून चालत होते आणि अप्पा अण्णांना मोठ्यानं सांगत होते, "खड्डा हाय. दगड हाय. आता न्हाई काय."

घरी काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. वैनी रडल्या. भाकरी, पिठलं, ठेचा होता आणि अप्पांनी पाण्याचा तांब्या वाजवून बघितला. तो जाड होता. वैनींनी परात धुतली, तळाशी लिहिलेलं वाचलं आणि मुलीला व्हिडिओ कॉल लावून ती तिच्यापुढे धरली. मुलगी सोलापूरला असते. तिनं परात अजून जवळ धरायला लावली. मग म्हणाली, "काका, काठाला काळं काय हाय ओ ते?"

"टायरचं," अप्पा म्हणाले. "निघतंय. चिंच लाव."

पुढे माझी बदली झाली. बीड सुटलं. आता माझ्या वाट्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या विहिरी आहेत आणि त्यांना पाणी असतं. इथं मी उशिरा पोचलो तर लोक कारण ऐकून घेतात आणि सोडून देतात. मला ते अजून अंगवळणी पडलेलं नाही.

त्या दिवशी आम्ही बीडला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. इतका उशीर कधीच होत नसे. काकू दारातच उभ्या होत्या. वडगावहून फोन आला होता की नाही कोण जाणे. आला असेल तरी त्यांनी तसं दाखवलं नाही.

"एवढा उशीर कावून?" त्यांनी विचारलं.

"पंक्चर," अप्पा म्हणाले.

काकूंनी हात पुढे केला, तळवा वर. मी त्यांना असं करताना कधी बघितलं नव्हतं. अप्पांनी शर्टाच्या खिशातून तो काटा काढला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला. डब्यात टाकला नव्हता. एव्हाना साल सुकली होती.

काकूंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्या आमच्या मागं गाडीकडे बघत होत्या. कॅरिअरला दोरी तशीच लोंबत होती, आणि तिच्यात परात नव्हती.